पाद्र्याच्या गळ्याची पाटी

गेल्या वर्षी ऑगस्ट महिन्यात, सान रोक्कोच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, रोमान्या प्रांतातील रोक्काबीजा या गावी, माझ्या स्वतःच्या अंगणातील अंजिराच्या झाडाखाली मी एका प्राचीन रोमन इतिहासकाराचा ग्रंथ कोणासही उपद्रव न देता वाचीत बसलो असता, पुढे वर्णिलेल्या अन्यायास प्रारंभ झाला. स्थळ आणि काळ मी मुद्दाम नमूद करीत आहे. गावात सध्या या प्रकरणाच्या ज्या कहाण्या फिरत आहेत, त्या सर्वांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे प्रोफेसर माम्बेल्ली आपण होऊन मध्ये पडले. मी पडलो नाही. मला बोलावण्यात आले. किंबहुना बोलावणारा माझ्या अंगणात येऊन, माझ्याच खुर्चीवर बसून, माझेच अंजीर खात होता.

हा इसम म्हणजे नेव्हिओ झात्तोनी. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो, गावच्या जत्रा समितीचा अध्यक्ष आहे, आणि शाळेत असताना (आमच्याकडे शाळामास्तरासही प्रोफेसर म्हणतात) लॅटिनमध्ये माझ्या हातून इतक्या वेळा नापास झाला की अखेरीस आम्हा दोघांत एक प्रकारचा स्नेह उत्पन्न झाला.

"प्रोफेसर, एक बारीकसं काम होतं," तो म्हणाला. "चार-पाच ओळी लिहून द्या. जत्रेला बाहेरची माणसं येतात, ताटली हातात घेतात आणि विचारतात, ह्याला स्त्रोत्साप्रेती का म्हणायचं? आता आम्ही वाढायचं का व्याख्यान द्यायचं? म्हटलं वेशीच्या कमानीपाशी एक पाटी ठोकून टाकू. दगडी. कायमची. खाली तुमचं नाव."

'खाली तुमचं नाव' या शब्दांचा माझ्यावर काहीच परिणाम झाला नाही, असे लिहिणे सत्यास धरून होणार नाही. मी आयुष्यभर या गावच्या मुलांना इतरांनी लिहिलेली वाक्ये शिकवली. माझे स्वतःचे एकही वाक्य कोठे कोरले गेले नाही. आमच्या चौकात एका दंतवैद्याची पितळी पाटी आहे. कोण्या सेनापतीने येथे घोड्यास पाणी पाजले म्हणून संगमरवर आहे. ज्याच्या डोक्यावर कबुतरे बसतात असा एक आमदारही आहे. घोडा भिंतीवर जाऊ शकतो आणि लॅटिनचा शिक्षक जाऊ शकत नाही, ही व्यवस्था मला अधूनमधून खटकत असे. असो. मी होकार दिला.

शब्दाच्या अर्थाविषयी कोणाचाच वाद नव्हता. स्त्रोत्साप्रेती म्हणजे पाद्र्याचा गळा आवळणारे. अंडे न घालता, निव्वळ पिठापाण्याच्या कणकेच्या पट्ट्या दोन तळहातांत पिळून बोटभर लांबीचे जे तुकडे तोडतात, त्यांना हे नाव आहे. प्रश्न एवढाच होता की अशा निरुपद्रवी खाद्यास असे रक्तरंजित नाव कोणी आणि का दिले. मी आठवडाभर घरातील आणि बाहेरील ग्रंथ धुंडाळले आणि पुढील मजकूर सिद्ध केला. तो येथे पूर्ण देतो, कारण पुढे जे काही झाले ते या पाच वाक्यांवरून झाले.

'स्त्रोत्साप्रेती म्हणजे पाद्र्याचा गळा आवळणारे. कोणी म्हणतात, अंडी पाद्र्याने नेली म्हणून घरच्या कारभारणीने दिलेला हा शाप आहे. कोणी म्हणतात, पाद्र्याने चवीच्या भरात घाईने गिळले व त्याला ठसका लागला, त्या चवीचे हे कौतुक आहे. कोणी म्हणतात, गळा आवळावा तशी कणीक आवळणाऱ्या हातांवरून हे नाव पडले. खरे कारण आज कोणासही ठाऊक नाही.'

नेव्हिओने कागद दोनदा वाचला. वाचताना त्याचे ओठ हलत होते, जसे शाळेत हलत असत.

"झकास," तो म्हणाला. "फक्त ती शेवटची ओळ..."

"शेवटची ओळ हाच लेख आहे. आधीची चार वाक्ये तिला वाट करून देण्यापुरती आहेत."

"तसं नाही हो. पण माणूस एवढा उन्हात उभा राहून वाचणार, आणि खाली काय? तर ठाऊक नाही!"

"मग उन्हात उभे राहून त्याने एक सत्य शिकून घेतले असे होईल. बहुतेक लोक सावलीत बसूनही शिकत नाहीत."

येथे पहिली अडचण उद्भवली. वेशीची कमान जुनी असल्यामुळे तिच्या आसपास खिळा मारण्यासही नगरपालिकेची परवानगी लागते. म्हणून आम्ही दोघे नगरपालिकेच्या सचिव साबात्तीनीबाई यांच्यापुढे जाऊन उभे राहिलो. या बाई शेजारच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या, कर्तव्यदक्ष, टेबलावर एक निवडुंग आणि त्याच्याच स्वभावाची एक टाचण्यांची उशी. त्यांनी मजकूर वाचला, चष्मा काढला आणि पुन्हा वाचला.

"तुमचा अर्ज माहितीफलकासाठी आहे," त्या म्हणाल्या.

"होय."

"मग यात माहिती कुठं आहे?"

मी म्हणालो की बाईंनी कृपया पाचही वाक्ये पाहावीत.

"पाहिली. शेवटी तुम्हीच लिहिलंय, ठाऊक नाही. जे ठाऊक नाही ती माहिती कशी? माहितीफलकाला फी नाही. पण ज्यात माहिती नाही तो फलक जाहिरातीत जातो. आणि जाहिरात जुन्या कमानीजवळ चालत नाही."

मी त्यांना शांतपणे समजावून दिले की अज्ञानाची नेमकी कबुली हीच ज्ञानाची सर्वांत शुद्ध अवस्था होय, आणि याला फार प्राचीन व सन्माननीय आधार आहे. नेव्हिओने माझ्या कोटाची बाही ओढली. मी आणखी थोडे समजावून दिले. बाईंनी निवडुंगाची कुंडी एक वीतभर स्वतःकडे ओढून घेतली.

"हे पाहा सर, प्राचीन आधार माझ्याकडच्या यादीत नाही," त्या म्हणाल्या. "मी एक करू शकते. गावच्या जत्रा सभेनं ठराव करावा, की आम्हाला हे ठाऊक नाही असं आम्ही सर्वानुमते मानतो. मग ती गावाची अधिकृत भूमिका झाली. अधिकृत भूमिका म्हणजे माहिती. मग मी शिक्का मारते."

थोडक्यात, मी एकट्याने कबूल केलेले अज्ञान निरुपयोगी होते; तेच सगळ्या गावाने हात वर करून कबूल केले की त्याची माहिती होणार होती. मी हे तर्कशास्त्राच्या दृष्टीने किती भयंकर आहे ते सांगणार होतो, पण नेव्हिओने मला दारापर्यंत नेऊन ठेवले होते.

आमच्या प्रांतात सभा ही गोष्ट हवेइतकी आवश्यक मानतात. दूधसंघापासून स्मशानातील दिव्यांपर्यंत सर्व काही सभेत ठरते, आणि जे सभेत ठरले नाही ते झालेच नाही असे समजले जाते. त्यामुळे सभेची सूचना चर्चच्या दारावर, लालांच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या, क्लबच्या दारावर आणि पावाच्या दुकानात लागताच, ज्या विषयाविषयी गावात पिढ्यान्‌पिढ्या कोणी चकार शब्द काढला नव्हता, त्याविषयी प्रत्येकास एकदम ठाम मत प्राप्त झाले. पाववाल्या बाईंनी मला पाव देताना विचारले, "काय हो प्रोफेसर, आता आम्ही काय खातो तेही मतदानानं ठरणार का?" मी पावाचे पैसे देऊन बाहेर पडलो. (पाव शिळा होता, हे येथे प्रसंगोपात्त नोंदवतो.)

प्रथम आले ते रिबेल्ले गार्दिनी. हे गावचे सुतार. वय नव्वदीच्या पलीकडे. वडील कट्टर अराजकवादी, म्हणून एका मुलाचे नाव बंडखोर अशा अर्थाचे रिबेल्ले आणि दुसऱ्याचे नास्तिक अशा अर्थाचे आतेओ. जत्रेची सर्व बाके आणि टेबले रिबेल्लेंनी स्वतः केलेली, आणि ती लालांच्या क्लबच्या गोदामात त्यांच्याच कुलपात असतात. मी सत्तरीकडे झुकलेलो असूनही ते मला पोरा म्हणतात.

"पोरा, वाचून दाखव काय लिहिलंस ते."

मी वाचले. शापाचे वाक्य येताच त्यांनी काठी जमिनीवर आपटून पसंती दर्शवली. तेथेच थांबलो असतो तर सभ्यपणाचे झाले असते. परंतु प्रामाणिकपणाचे झाले नसते. म्हणून मी त्यांना सांगितले की या शापाच्या कथेस लेखी पुरावा मला कोठेही आढळला नाही. आणि गरिबाघरची कारभारीण अंडी पाद्र्यास देण्याऐवजी बाजारात विकून मीठ व सुया आणीत असण्याचाच अधिक संभव आहे.

"म्हणजे माझी पणजी खोटं बोलत होती म्हणतोस?"

"मी एवढेच म्हणतो की तिच्या म्हणण्यास पुरावा नाही."

"पुरावा? अरे, प्रत्येक तुकडा पिळताना ती पाद्र्याचं नाव घ्यायची. नावानिशी! ह्याचा गळा, त्याचा गळा, बिशपचा गळा!"

"आणि त्यांतला एक तरी पाद्री त्यामुळे मेला काय?"

"सगळे मेले!" रिबेल्ले अत्यंत समाधानाने म्हणाले. "एक जिवंत असेल तर दाखव!"

या युक्तिवादातील दोष मी दाखवू लागलो. तो दाखवून संपण्यापूर्वीच ते उठले आणि फाटकापाशी जाऊन म्हणाले, "माझ्या पणजीला खोटं पाडणाऱ्या पाटीखाली माझं एक बाक लागणार नाही. बसा मातीत आणि खा."

त्याच संध्याकाळी फादर एलीजिओ आले. हे डोंगरातल्या मेंढपाळाच्या घरातले. खांदे असे की त्यांनी आशीर्वादासाठी हात उचलला की पहिल्या रांगेवर सावली पडते. आम्ही दोघे दर गुरुवारी पत्ते खेळतो आणि एकमेकांवर फसवणुकीचे आरोप करतो. जत्रेचे स्वयंपाकघर चर्चचे आहे. त्याच्याइतकी मोठी चूल आसपास कोठे नाही.

"लेआर्को, मी काही रागावून आलेलो नाही," ते म्हणाले.

जो मनुष्य असे म्हणत येतो त्याला मी नेहमी खुर्ची देतो. मी मजकूर वाचून दाखवला. तिसऱ्या वाक्याला ते मनापासून हसले.

"हे छान आहे. कौतुक! मी नेहमी तेच सांगतो. पाद्री जेवायला आला, पास्ता इतका चांगला झाला की त्याला धीर धरवला नाही. यात काय वाईट? माणूसच तो."

मी येथेही सत्याचा पक्ष सोडला नाही. मी म्हणालो की ही कौतुकाची उपपत्ती एखाद्या पाद्र्यानेच रचली असावी असे मला वाटते, कारण शिवीचे कौतुक करून घेण्याची गरज त्यालाच असणार. शिवाय खरोखर कोणी पाद्री गुदमरला असता, तर धर्मखाते अशा घटनेची नोंद केल्याशिवाय राहिले नसते. एखाद्या हुतात्म्यासारखा त्याचा सणही घालून दिला असता.

फादरांनी टोपी गुडघ्यावरून उचलली.

"लेआर्को, तुझा मजकूर वेगळा आणि तू वेगळा. मजकुराचं मी पाहिलं असतं. पण तू सभेत उभा राहून हेच बोलणार, आणि मी तेव्हा माझ्या लोकांच्या मधे बसलेलो असणार. चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली माझ्याकडे आहे एवढंच सांगतो. रागावलेला नाही मी."

"ही धमकी आहे."

"छे. किल्ली आहे."

तिसरा आघात घरात झाला. जत्रेचा पास्ता देर्ना रावायोलीबाई आणि त्यांच्या हाताखालच्या बायका पिळतात, आणि माझी पत्नी आर्जिया त्यांच्यातच आहे. देर्नाबाई आमच्या स्वयंपाकघरात आर्जियाशी बोलत बसल्या असताना मी पाणी पिण्यासाठी गेलो. केवळ पाणी पिण्यासाठी.

"प्रोफेसर, ते हातांचं लिहिलंत ना?" देर्नाबाईंनी विचारले. "म्हणजे, आवळतात तसं?"

"लिहिले आहे."

"तेच खरं आहे. बाकी सगळं पुरुषांनी दारूच्या गुत्त्यात बसून काढलेलं."

मी ग्लास खाली ठेवला आणि म्हणालो की हातांची उपपत्ती आकर्षक असली तरी तिच्यात एक छिद्र आहे. आवळण्याच्या क्रियेवरून नाव पडले असे मानले, तरी गळा पाद्र्याचाच का? नोटरीचा का नाही? सावकाराचा, जमीनदाराचा का नाही?

"नोटरीचा मला कधी राग आला नाही," देर्नाबाई म्हणाल्या.

"पाद्र्याचा येतो?"

"रागाचं कोण बोलतंय? हात असेच फिरतात." त्यांनी हवेत तळहात पिळून दाखवले, आणि मी कबूल केले पाहिजे की माझा हात नकळत कॉलरकडे गेला. "पण तुम्हाला हातांवर विश्वास नाही ना? मग हात घरी बसतील. तुम्ही पुस्तकं पिळा आणि वाढा लोकांना."

त्या निघून गेल्या. आर्जिया भांडी पुसत होती.

"लेआर्को, तुला चार ओळी मागितल्या होत्या," ती म्हणाली.

"मी पाचच दिल्या."

"दिल्यास. मग प्रत्येकाला पन्नास वेगळ्या ऐकवल्यास." आणि तिने जाहीर केले की आपणही हातांच्याच बाजूच्या, त्यामुळे जत्रेचा निकाल लागेपर्यंत आपल्या घरात कणीक मळली जाणार नाही. मी तिला विचारले की विवाहसंबंधातील कर्तव्ये आणि एका शब्दाची व्युत्पत्ती या दोन गोष्टींची गल्लत करणे योग्य आहे काय. त्या आठवड्यात मी पाव आणि मोर्तादेल्ला सॉसेजचे थंड काप खाऊन राहिलो. पाव, पूर्वी सांगितल्याप्रमाणे, शिळा.

म्हणजे परिस्थिती अशी झाली की बाकांशिवाय, चुलीशिवाय आणि हातांशिवाय जत्रा भरायची होती. आणि याला जबाबदार कोण, तर मी. रस्त्याने जाताना लोक मला पाहून एकमेकांना कोपराने ढोसू लागले. दंतवैद्यही, ज्याच्या पितळी पाटीत दोन चुका मी आजवर सहन केल्या होत्या, मला म्हणाला, "प्रोफेसर, द्या ना सोडून. लिहा काहीतरी." लिहा काहीतरी! ज्या देशात लिहा काहीतरी हा सल्ला शिकलेला मनुष्य भरचौकात देतो, त्या देशाच्या भिंतींवर घोडेच असणार.

नेव्हिओ तडजोड घेऊन आला. तडजोड अशी: तीन पाट्या करायच्या. कमानीच्या डाव्या खांबावर शाप, उजव्या खांबावर कौतुक, आणि वर मधोमध, कमानीच्या कपाळावर, हात.

"आणि माझे वाक्य? खरे कारण ठाऊक नाही, हे?"

"ते आहे ना, ते मागच्या बाजूला. आपल्याला मागच्या बाजूला भरपूर जागा आहे."

"मागच्या बाजूला मक्याचे शेत आहे, नेव्हिओ."

"हो, पण शांत जागा आहे."

माझ्या उभ्या आयुष्यातील एकमेव कोरीव वाक्य मक्याच्या कणसांनी वाचावे अशी योजना माझ्यासमोर, माझ्याच अंजिराखाली मांडण्यात आली. मी नेव्हिओला सांगितले की आता मी सभेला येणार, आणि सर्वांना सर्व काही नीट समजावून सांगणार. त्याचा चेहरा शाळेत निकालाच्या दिवशी होत असे तसा झाला.

सभा रविवारी दुपारी चर्चच्या सभागृहात भरली. आमच्याकडे रिकाम्या पोटी सभा करीत नाहीत. पोटात काही नसले की माणसे दुरुस्त्या फार सुचवतात असा जुना अनुभव आहे. म्हणून देर्नाबाईंनी, रुसवा कायम ठेवूनच, सॉसेजच्या रश्शातले स्त्रोत्साप्रेती मोठ्या परातींतून आणले होते. "हे जत्रेचं नाही," त्यांनी दारातच स्पष्ट केले, "हे सभेचं. सभेनंतर हात बंद." रिबेल्ले त्यांनीच केलेल्या बाकावर बसले, पण ते बाक आपण सदिच्छा म्हणून नव्हे तर गुडघ्यांसाठी आणल्याचे त्यांनी जाहीर केले. फादर एलीजिओ किल्ली समोर टेबलावर ठेवून बसले. सगळे गाव जेवू लागले आणि नेव्हिओने विषय मांडला.

लालांच्या बाजूने पहिली दुरुस्ती आली: पहिल्या 'कोणी म्हणतात'च्या जागी 'सर्व जाणतात' असे घालावे. चर्चच्या बाजूने दुसरी: 'शाप' ऐवजी 'गमतीचा शाप' म्हणावे. मागून कोणीतरी सुचवले की शेजारच्या गावाचे नाव घालून, पाद्री तिथला होता, असे लिहावे म्हणजे आपल्यात भांडण नको. या सूचनेला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो.

"उठला," रिबेल्ले म्हणाले. "आता वाढा अजून एकेक ताटली, वेळ लागेल."

मी हास्याकडे दुर्लक्ष केले. माझ्या हातात ताटली आणि काटा होता, तो ठेवण्यास जागा नव्हती. मी प्रथम शापाची उपपत्ती घेतली आणि तिचे खंडन केले. लाल बाजूने गुरगुर झाली. मग मी ठसक्याच्या उपपत्तीकडे वळलो आणि पुस्तकी पुराव्याऐवजी प्रत्यक्ष पुरावा देण्याचे ठरवले. काट्यावर चांगले चार तुकडे घेऊन मी ते सभेस दाखवले.

"सभ्य स्त्री-पुरुषहो," मी म्हणालो, "हा आकार पाहा. ही जाडी पाहा. कोणताही प्रौढ मनुष्य, मग तो कोणत्याही धर्मपदावर असो, ज्याचा घसा निसर्गनियमानुसार घडलेला आहे, त्याला अशा मऊ, ओल्या, रश्शात भिजलेल्या पदार्थाने ठसका लागणे ही गोष्ट," येथे मी ते चारही तुकडे तोंडात घातले, कारण वाक्य अद्याप चालू होते आणि उदाहरणास उशीर होऊ नये, "ही गोष्ट शरीरशास्त्राच्या दृष्टीने सर्वथा..."

सर्वथा काय, ते मला सांगता आले नाही.

गुदमरणाऱ्या माणसास बाहेरून पाहणाऱ्यांना काय दिसते हे मला ठाऊक नाही. मला आतून जे दिसले ते एवढेच की सभागृहातील दिवे निळे झाले आणि आर्जियाच्या हातातील काटा खाली पडला. मग खुर्च्या कोसळल्या, आणि मागून डोंगरातल्या मेंढपाळाचे दोन हात माझ्या पोटाभोवती आले. फादर एलीजिओंनी मला उचलले, आवळले, पुन्हा आवळले.

"अरे बघा, बघा!" रिबेल्लेंचा आवाज आला. "सगळं उलटंच आहे! पाद्रीच प्रोफेसरला आवळतोय!"

"गप्प बसा हो!" आर्जिया ओरडली. "एलीजिओ, जोरात!"

फादर जोरात आवळू लागले. चार तुकड्यांपैकी जो अपराधी होता तो माझ्या तोंडातून सुटून सरळ रिबेल्लेंच्या वाइनच्या पेल्यात पडला. रिबेल्लेंनी पेल्यात डोकावून पाहिले. हवा माझ्यात परत आली. आर्जियाने दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला, तो खरा आहे की नाही हे पाहावे तसा, आणि मग काही न बोलता माझ्या पाठीवर एक गुद्दा घातला, ज्याची वैद्यकीय गरज आता उरलेली नव्हती.

"बसा," देर्नाबाईंनी मला खुर्चीत दाबले व पाणी दिले. "आणि बोलायचं नाही. घसा सोलवटलाय. एक शब्द नाही."

मी एक शब्द बोलून पाहिला. गंजलेल्या फाटकाचा आवाज निघाला.

 माणूस मरता मरता वाचला की लोकांना भांडणाचा नेमका मुद्दा आठवेनासा होतो. नेव्हिओने कागद उचलला, पण तो उलटा धरला. तेव्हा आर्जियाने तो त्याच्याकडून घेतला आणि मजकूर वाचला. कोणतीही टीप न देता, मान वर न करता, वाणसामानाची चिठ्ठी वाचावी तसा.

शापाचे वाक्य आले. रिबेल्लेंनी शेजाऱ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे पणजी आली एकदाची. कौतुकाचे वाक्य आले, आणि फादर एलीजिओ, अजूनही धापा टाकीत, हसले. हातांचे वाक्य आले, आणि परातींमागे उभ्या बायकांनी आपापल्या हातांकडे पाहिले. मग शेवटचे वाक्य: खरे कारण आज कोणासही ठाऊक नाही.

"ते खरंय," मागून कोणीतरी म्हणाले. "आता कुणाला विचारणार? सगळी गेली ती माणसं."

"एवढंच आहे होय?" दुसरा म्हणाला. "मग इतके दिवस भांडत कशावर होतो?"

"कोणाला काही विचारायचंय?" नेव्हिओने विचारले. सर्व डोळे माझ्याकडे वळले. मला विचारायचे नव्हते, सांगायचे होते. मला सांगायचे होते की सत्य हे बहुमताने ठरत नसते. की आताच मला लागलेला ठसका हा कोणत्याही उपपत्तीचा पुरावा मानला जाऊ नये, कारण मी पाद्री नाही. आणि की आलेल्या सर्व दुरुस्त्यांवर आधी निर्णय घेतल्याखेरीज मूळ मजकूर मतास टाकणे कार्यपद्धतीस धरून नाही. बोलण्याची परवानगी मागण्यासाठी मी हात वर केला.

"प्रोफेसरांचं पहिलं मत अनुकूल!" नेव्हिओ ओरडला. "अजून कोण?"

सगळ्या सभागृहाचे हात वर झाले. रिबेल्लेंनी काठी वर केली. मी डोके हलवून निषेध केला. तो कोणी मोजला नाही. आर्जियाने माझा हात धरून आणखी थोडा उंच केला.

"एकमतानं!" नेव्हिओ म्हणाला, आणि लोक टाळ्या वाजवू लागले. फादरांनी किल्ली देर्नाबाईंच्या दिशेने सरकवली. रिबेल्लेंनी कोणालातरी उद्या गोदामातून बाके काढायला बोलावले. साबात्तीनीबाई, ज्या मागे बसून दुसरी ताटली संपवीत होत्या, म्हणाल्या की आता ही माहिती झाली.

अशा रीतीने माझा मजकूर, एका अक्षराचाही बदल न होता, माझ्या स्पष्ट हरकतीस न जुमानता मंजूर झाला. कायद्याच्या दृष्टीने हा ठराव पोकळ आहे असे माझे आजही मत आहे.

लोक पांगू लागले. देर्नाबाई माझ्यासमोरची अर्धी राहिलेली ताटली उचलायला आल्या. मी घशात शिल्लक असलेला सगळा आवाज गोळा केला.

"देर्नाबाई," मी कुजबुजलो, "एक अक्षर बदललेले नाही. मग इतके दिवस तुम्ही सर्वांनी विरोध केला तो कशाला?"

त्यांनी माझा काटा ताटलीत ठेवला आणि टेबल पुसले.

"मजकूर पहिल्यापासून चांगलाच होता, प्रोफेसर," त्या म्हणाल्या. "तुम्ही तेवढे मधे मधे येत होता."